आधी शनिवारचे दोन तास ठरवा: पहिल्यांदाच ब्लेंडेड कोर्स रचणाऱ्यांसाठी

ब्लेंडेड कोर्स, म्हणजे थोडा घरी मोबाइलवर आणि थोडा वर्गात, करायचा ठरला की पुण्यातला माणूस आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठतो. ट्रायपॉड, रिंगलाइट, कॉलरला लावायचा माइक. मीही तेच केलं. घरी येऊन दोन आठवड्यांत ११ व्हिडिओ काढले, एकेक अर्ध्या तासाच्या वर, आणि त्यानंतर माझ्या डोक्यात आलं की हे सगळं यात सांगून झालंय, तर आता वर्गात काय करायचं? उत्तर सापडेना, म्हणून वर्गात तेच पुन्हा शिकवलं. पुढे काय झालं ते येईलच. पण पहिल्यांदा कोर्स रचणाऱ्याला माझं सांगणं एवढंच आहे की सुरुवात वर्गापासून करा. वर्गाच्या तासात नेमकं काय घडणार, हे कागदावर आलं की मोबाइलवर काय जायचं ते जवळजवळ आपोआप ठरतं. उलट्या बाजूनं गेलात तर वर्ग ओस पडतो किंवा व्हिडिओ.

मी पेठेत संध्याकाळचा मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांच्या लिपीचा, वर्ग घेते. खालची उदाहरणं त्यातलीच आहेत. तुमचा विषय जर्मन असो, टॅली असो, तबला असो किंवा एफवायबीएचं अर्थशास्त्र, हिशोब तोच. मोडी उदाहरणाला सोयीची एवढ्यासाठी, की तिच्यात पाठांतर आहे, हाताचं वळण आहे आणि अंदाजानं वाचायची कलाही आहे. प्रत्येकाची शिकायची जागा वेगळी.

आधी एक गोंधळ दूर करू. वर्ग नेहमीसारखा घेऊन व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकणं म्हणजे ब्लेंडेड नव्हे. निम्मी मुलं समोर आणि निम्मी झूमवर, हाही वेगळाच प्रकार. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका, दोन्हीकडची मुलं नाराज होतात. ब्लेंडेड म्हणजे काही भाग घरी, आपापल्या वेळेला आणि काही भाग समोरासमोर, आणि दोन्ही एकमेकांवाचून अडतील असे. आपल्याकडे ही कल्पना अगदीच नवी नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं तेव्हापासून घरी पुस्तक आणि केंद्रावर संपर्कसत्र हे आपल्या ओळखीचं आहे. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली आणि टीव्हीवरून धडे आले. फरक एवढाच की टीव्हीला मूल कुठे अडलं ते कळत नसे. आता आपल्याला कळतं, आणि तो फायदा घ्यायचा नसेल तर एवढा खटाटोप करू नये.

पहिली पायरी : शेवटचा दिवस लिहून काढा

कोर्सच्या शेवटच्या शनिवारी विद्यार्थी हातात काय घेऊन, किती वेळात, काय करून दाखवेल? एका वाक्यात लिहा. ‘मोडीची ओळख होईल’ हे वाक्य फाडून टाका. माझं वाक्य असं आहे : कधी न पाहिलेलं, पेशवेकालीन वळणाचं अर्ध्या पानाचं पत्र, अक्षरांचा तक्ता समोर ठेवून, ४० मिनिटांत बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवता येईल आणि पत्रावरची तारीख इसवी सनात सांगता येईल.

हे वाक्य भिंतीवर लावा. जे त्याला लागत नाही ते कोर्समधून जाईल. माझा लिपीच्या उगमावरचा ४० मिनिटांचा लाडका व्हिडिओ असाच गेला. वाईट वाटलं.

दुसरी पायरी : एकच प्रश्न विचारून कामं वाटा

त्या वाक्यापर्यंत पोचायला लागणारी कामं सुटी करा आणि प्रत्येकाला विचारा : हे करताना चूक झाली, तर ती ज्याची त्याला कळेल का?

कळणार असेल तर ते काम घरी, मोबाइलवर. कळणार नसेल तर वर्गात. ‘सोपं ते ऑनलाइन, अवघड ते वर्गात’ अशी वाटणी पुष्कळ जण सुचवतात. ती फसवी आहे. पाठांतर अवघडच असतं, पण त्यासाठी शेजारी शिक्षक बसायला लागत नाही.

अक्षर ओळखणं : फोटो दाखवला, चार पर्याय दिले, बरोबर-चूक लगेच कळतं. घरी. जुन्या पत्रांवर साल ज्यात लिहीत त्या शुहूर सनाचे अरबी अंक : इहिदे म्हणजे १, इसन्ने म्हणजे २, सलास ३, अर्बा ४. शुद्ध घोकंपट्टी. घरी.

आता वाचन बघा. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे ‘सरकारचाकरी’ एवढी अक्षरं कोणी ‘सरकार चाकरी’ अशी तोडतो, कोणी ‘सरकारचा करी’ अशी. दुसऱ्याला अक्षर न् अक्षर बरोबर लागलेलं असतं आणि तरी अर्थ हुकलेला असतो. घरी एकटा बसला तर तो समाधानानं वही मिटतो. वर्गात शेजारचा म्हणतो, ‘अहो, करी काय करी? पुढे तर गावाचं नाव आहे!’ इथे दोन माणसं आणि एक कागद लागतो. वर्गाचा खरा वेळ यालाच द्यायचा.

काही कामं मधोमध चिरावी लागतात. तारीख काढणं हे त्यातलं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, मिळून ११६१. इतकं घरी होतं. पण शुहूर वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं, त्यामुळे पत्र जून ते डिसेंबरमधलं असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मे मधलं असेल तर ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती ६०० वाली. त्याच शुहूर सनातलं ऑक्टोबरचं पत्र मात्र १७६० चं. शिवाय पत्रावर महिना मोहरम, सफर असा मुसलमानी लिहिलेला, त्यावरून इंग्रजी महिना चटकन कळत नाही. इथे बेरीज बरोबर येऊन साल चुकतं, आणि ज्याचं चुकलं त्याला पत्ताच नसतो. म्हणून अंक घरी, सालाचा निकाल वर्गात.

या पायरीला दोन संध्याकाळी द्या. बाकीच्या पायऱ्या इथे झालेल्या घोळाची दुरुस्ती करू शकत नाहीत.

तिसरी पायरी : आधी वजाबाकी

माझी पहिली बॅच इथे बुडाली. आठवड्यातले दीड-दीड तासाचे दोन वर्ग तसेच ठेवले आणि वर ते व्हिडिओ. म्हणजे एका फीत दीड कोर्स. चौथ्या आठवड्यात बँकेत काम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही दोनदा शिकवता, पण आम्हाला वेळ एकदाच मिळतो.’ त्या पुढच्या आठवड्यापासून आल्या नाहीत. दिवाळीपर्यंत अर्ध्याहून जास्त वर्ग गळाला.

आता १२ आठवड्यांचा हिशोब असा मांडते. पूर्वी आठवड्याला ३ तास, एकूण ३६. आता दर शनिवारी २ तासांचा वर्ग म्हणजे २४, आणि घरी आठवड्याला १ तास म्हणजे १२. बेरीज ३६ च. मोबाइलवर काही नवीन चढवायचं असेल तर तेवढ्याच मिनिटांचं काहीतरी आधी उतरवायचं. ही शिस्त सोडलीत की पुन्हा दीड कोर्स.

कॉलेजात शिकवत असाल तर चौकट आयती मिळते. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, तेव्हा २ क्रेडिटचा पेपर ३० तासांचा. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) मे २०२१ मध्ये ब्लेंडेड लर्निंगचा जो मसुदा मांडला त्यात एका कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, बाकीचा समोरासमोर, असा विचार आहे. म्हणजे ३० पैकी १२ तास ऑनलाइन, १८ वर्गात. सुरू करण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्या आणि हजेरी कशी मांडायची ते आत्ताच विचारा. सेमिस्टरच्या शेवटी विचारलंत तर उत्तर बदललेलं असतं.

‘ब्लेंडेडनं निकाल सुधारतो’ असं कोणी ठासून सांगितलं तर एक लक्षात ठेवा. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नुसत्या वर्गापेक्षा मिश्र पद्धतीचा निकाल बरा दिसला खरा, पण त्या मुलांना बहुतेकदा जास्त वेळ आणि जादा साहित्यही मिळालेलं होतं, हे त्याच अहवालात नोंदवलेलं आहे. गुण मोबाइलचा नाही, जास्तीच्या सरावाचा असू शकतो.

चौथी पायरी : आठवड्याची साखळी

तिसरा आठवडा जवळून बघू. विषय : दिसायला सारखी अक्षरं आणि बाराखडी.

सोमवारी सकाळी ६ मिनिटांचा एक व्हिडिओ जातो. लक्ष्मी रोडवरची दुकानं सोमवारी बंद असतात आणि माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन दुकानदार असतात, त्यांना हा वार बरा पडतो. मंगळवार-बुधवारी १० फोटोंची प्रश्नमंजूषा, कितीही वेळा सोडवा. शुक्रवारी रात्री ९ पर्यंत पाच ओळी मोडीत उतरवून वहीच्या पानाचा फोटो. शेवटची मुदत गुरुवारी ठेवू नका. पुण्यात गुरुवार हा वीज दुरुस्तीचा वार. दुपारी लाइट गेले की रात्री फोन चार्जिंगला आणि सबबी ग्रुपवर.

शनिवारी साडेपाचला वर्ग सुरू होतो तो या फोटोंपासूनच. नावं झाकून तीन पानं पडद्यावर लावते आणि विचारते, यातलं कुठलं पान पेशव्यांच्या कारकुनानं नापास केलं असतं? हसतखेळत १५ मिनिटं जातात, आणि ज्यानं घरी काही केलेलं नाही तो गप्प बसतो. मग जोड्या करून पत्रवाचन, एक तास. उरलेल्या वेळात सगळ्यांसमोर वाचन आणि भांडणं.

आणि हे अगदी पाळायचं : घरी पाठवलेलं वर्गात पुन्हा शिकवायचं नाही. ‘कितीजणांनी व्हिडिओ बघितला?’ असं विचारून, निम्मे हात खाली दिसले की आपल्याला दया येते आणि आपण ‘थोडक्यात सांगते’ म्हणत २० मिनिटं घालवतो. वर्ग हुशार असतो. पुढच्या आठवड्यापासून कोणीच बघत नाही. न बघितलेल्यांना मागच्या बाकावर मोबाइल आणि इयरफोन घेऊन बसवा, व्हिडिओ संपला की जोडीत सामील करा. दोन शनिवारी असं केलं की पुरतं.

(घरी ऐका, वर्गात करा, ही पद्धत गाजली ती कोलोरॅडोतल्या जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांमुळे. २००७ च्या सुमारास त्यांनी तास रेकॉर्ड करायला घेतले ते गैरहजर मुलांसाठी. हजर मुलंही बघायला लागली, मग वर्गाचा वेळ मोकळा झाला.)

पाचवी पायरी : साहित्य

आता ट्रायपॉड काढा. व्हिडिओ लहान ठेवायचा हे सगळेच सांगतात, त्यामागचा आकडाही माहीत असू द्या. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची छाननी करून फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे प्रेक्षक ६ मिनिटांच्या आतच उठून जातात. माझे अर्ध्या तासाचे ११ व्हिडिओ हे वाचण्याआधीचे.

चेहरा दाखवायची गरज नाही, हात दाखवा. दोन डब्यांवर आडवी पट्टी, तिच्यावर फोन उलटा, खाली कागद, खिडकीचा उजेड. आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. आमच्याकडे सकाळी ८ ते १० कुकर, त्यानंतर भंगारवाला. माझं रेकॉर्डिंग दुपारी अडीचला होतं, पुण्यात या वेळेला कोणी कोणाला हाक मारत नाही.

मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणून मी एक प्रश्नमंजूषा टाइप करून पाठवली. निम्म्या फोनवर नुसते चौकोन दिसले. फॉन्टच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक अक्षराचा फोटो. तुमच्या विषयात गणिताची सूत्रं किंवा स्वरलेखन असेल तर हाच धडा : आपल्या लॅपटॉपवर नव्हे, वर्गातल्या सर्वांत स्वस्त फोनवर, मोबाइल डेटावर उघडून बघा.

प्रश्नमंजूषेत ‘चूक’ एवढंच लिहून सोडू नका. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे एक ओळ लिहा : ‘गाठ डावीकडे आहे, पुन्हा बघा.’ कंटाळवाणं काम आहे, पण घरी तुमच्या जागी तीच ओळ असते. आणि पुन्हा पुन्हा व्हिडिओ बघण्यापेक्षा न बघता आठवायला लावणं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणारे ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेलेले असतात. म्हणून माझ्या मंजूषेत दहापैकी तीन प्रश्न नेहमी मागच्या आठवड्यांचे.

जुन्या कागदांचे फोटो वापरताना ज्या दप्तरखान्यातून घेतले त्याची परवानगी घ्या. घरचे कागद असतील तर जमिनीचे तपशील झाका. भाऊबंदकी अजून जिवंत असते.

सहावी पायरी : साधनं

इथे नवखे लोक महिना घालवतात. एका संध्याकाळीत उरका. ३० जणांच्या पहिल्या बॅचला गूगल क्लासरूम आणि गूगल फॉर्म पुरतात. मूडल हे कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ताकदीचं आहे, २००२ पासून चालत आलंय, पण ते चालवायला सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. कॉलेजात तसा कोणी असेल तर जरूर घ्या. व्हॉट्सॲप फक्त सूचनांसाठी, फाइल तिथे टाकायची नाही. ‘मॅडम, ती पीडीएफ परत पाठवता का?’ हे वाक्य आठवड्यात तीनदा ऐकलंत तर तुमच्या फाइल एकापेक्षा जास्त ठिकाणी आहेत असं समजा.

पहिला वर्ग मात्र समोरासमोरच घ्या आणि त्यातला अर्धा तास लॉगिनला द्या. सगळ्यांनी तिथेच एक फोटो अपलोड करून दाखवायचा. गेल्या वर्षी एक निवृत्त काका प्रत्येक पान आडवं पाठवायचे, मी मान वाकडी करून तपासायची. त्यांची जोडी बीएच्या एका मुलीशी लावली. तिनं त्यांना फोटो सरळ करायला शिकवलं. काकांना ‘इस्तकबिल’, ‘बितपशील’, ‘मशारनिल्हे’ हे शब्द आजोबांच्या तोंडून ऐकलेले, त्यामुळे वाचनात तिचं अडलेलं घोडं त्यांनी पुढे नेलं. आता जोड्या मी मुद्दाम अशाच लावते.

सातवी पायरी : पुण्याचं कॅलेंडर

पालख्या शहरात मुक्कामाला असतात तेव्हा आणि गणपतीत संध्याकाळी पेठेत पोचणं म्हणजे दिव्य. हे शनिवार आधीच ‘घरचे’ म्हणून जाहीर करा आणि तेवढे तास मोकळ्या आठवड्यात वर्गाला द्या. दर आठवड्याला २ आणि १ असंच माप हवं असं कुणी सांगितलंय? पहिले दोन आठवडे मी घरी काहीच देत नाही, बोरू किंवा पेन कसं धरलंय ते बघण्यातच वर्ग जातो. गणपतीच्या आठवड्यात वर्गच नसतो, तीन तास घरी.

आठवी पायरी : तपासणी, म्हणजे तुमचा वेळ

३० पानं, पानामागे ४ मिनिटं, म्हणजे आठवड्याला २ तास. ऐकायला कमी वाटतं. ‘प्रत्येकाला दर आठवड्याला उत्तर देईन’ असं मी ऐटीत सांगितलं होतं. पाचव्या आठवड्यात माझंच काम थकलं. आता दर आठवड्याला पाळीनं १० जणांची पानं नीट तपासते, बाकीची नुसती चाळते आणि सगळ्यांत सापडलेल्या चुकांवर २ मिनिटांचा एक आवाजी निरोप पाठवते. प्रत्येकाची पाळी कोर्समध्ये तीन-चारदा येते. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, मग तक्रार येत नाही.

गुणांपैकी ४० घरच्या कामाला, ६० शेवटच्या शनिवारच्या वाचनाला. घरचं काम दुसऱ्यानं केलं का, एआयनं केलं का, याची पोलिसगिरी मी करत नाही. शेवटचं पत्र वर्गात, माझ्यासमोर, पेनानं उतरवायचं असतं. तिथे सगळं दिसतं.

दर शनिवारी घरी आल्यावर वहीत तीन ओळी लिहा : कुठे वेळ पुरला नाही, कुठल्या प्रश्नाला निम्मा वर्ग चुकला, कोण गप्प होतं. पुढच्या बॅचआधी एवढंच वाचायचं. माझ्या त्या ११ व्हिडिओंपैकी आज दोनच उरलेत, तेही कापून लहान केलेले. रिंगलाइट मात्र दर बॅचच्या शेवटच्या शनिवारी वर्गात नेते. त्या दिवशी विद्यार्थी घरच्या ट्रंकेतले कागद घेऊन येतात, आणि उडालेली शाई वाचायला तो उजेड चांगला पडतो.